जगातला सर्वात भारी पिक्चर आणि माझा पंप

जगातला सर्वात भारी पिक्चर कोणता यावर माझं मत आहे, पक्कं आहे, बरीच वर्षं जपलेलं आहे, आणि परवा ते सांगायला गेलो तर माझा कूलरचा पंप गेला. म्हणजे जुना आधीच जळला होता, हा नवा, माझ्या हातात येता येता दुसऱ्याच्या थैलीत गेला. तोही ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वात कडक नऊ दिवसांत, ज्या दिवसांत नागपुरात माणूस सख्ख्या साळ्यालाही पंप देत नाही.

दुकान महाल भागातल्या एका गल्लीत. ताट्या, पाइप, पंख्यांच्या पात्या सगळं दारापर्यंत ओसंडलेलं, मालक त्या ढिगात आत कुठेतरी, बाहेर रांग. माझ्यापुढे दोन कॉलेजातले पोट्टे, टाइमपास म्हणून जगातला बेस्ट पिक्चर ठरवून राहिलेले. एक म्हणे शॉशँक रिडेम्प्शन, आयएमडीबीवर एक नंबर, ९.३ रेटिंग, विषय संपला. दुसरा म्हणे, अबे नोलन पाह्य, इंटरस्टेलर पाह्य, तुझ्या शॉशँकमधे एक माणूस भिंत खोदते अन् गटारातून पळते, इतकंच तं हाये.

अशा वेळी जाणकार माणसाने गप्प बसणं म्हणजे समाजाचं नुकसान. मी म्हटलं, हे बघा बाबांनो, तुमचा शॉशँक १९९४ साली टॉकीजमधे सपाट आपटला होता, ऑस्करची सात नॉमिनेशन आणि हातात एकही नाही, आणि ९.३ रेटिंगचं म्हणाल तर ते बटण तुमच्यासारख्यांनीच दाबलेलं असतं. त्यावर पोट्टा "बरं काका" म्हणाला. हे "बरं काका" कसं म्हणतात ते ज्यांच्या कानशिलावर दोन केस पांढरे झालेत त्यांना वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात मागून आवाज आला. "टॉकीजमधे चाललाच नाही म्हंता? मंग थो पिक्चर कसा झाला जी?"

मागे एक काका. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हातात नायलॉनची थैली, आणि शर्टाच्या वरच्या खिशात चांगला मुठीएवढा कांदा, लू लागू नये म्हणून. माणूस बोलता बोलता तो कांदा काढायचा, बोटांत फिरवायचा, मुद्दा झाला की परत खिशात. पुढचा सगळा वेळ मी त्या कांद्याकडे बघत होतो, हे लक्षात ठेवा, कारण थैलीकडे बघायला पाहिजे होतं.

पोट्टे हसले. मी जरा बाजू घेतली, म्हटलं काकांचा मुद्दा बरोबर आहे, पिक्चर ही मोठ्या पडद्याची गोष्ट आहे. काका म्हणाले, "पडद्याचं नाही सांगून राह्यलो मी. गारव्याचं सांगून राह्यलो."

तर काकांचा हिशोब असा. पिक्चर चांगला की वाईट हे मे महिन्यात, बारा ते तीनच्या शोला, आत किती गार वाटलं यावर ठरते. बाकी हिरो हिरोईन गाणे हे सगळं त्याच्या नंतर. त्यांनी पंचशील, जानकी, लिबर्टी, स्मृती, अलंकार, सगळीकडे पिक्चर पाहिलेले, पण स्टोरी विचाराल तर अर्धी, आणि कुठल्या रांगेतल्या कुठल्या खुर्चीवर हवा यायची हे तोंडपाठ. एका टॉकीजचं तर त्यांनी नावच घेतलं नाही. "त्याचा कूलर नुसता आवाज करे. मालकाचा पोरगा आमच्याच मोहल्ल्यात राह्यते, कायले नाव घ्या." तिथे पाहिलेले सगळे पिक्चर सरसकट बाद. त्यात दोनतीन असे होते की ज्यांच्यावर लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत. बाद म्हणजे बाद.

मी विचारलं, आणि शोले?

काकांनी कांदा काढला. "शोलेचं अडचन आहे," म्हणाले. "लांबी चांगली आहे, सव्वातीन तासाच्या वर जाते, ऊन उतरूनच मानूस बाहेर पडते. पन आत काय आहे? धोंडे, धूळ, ऊन. पाहूनच तहान लागते. अन् थो ठाकूर. त्या उन्हात शाल पांघरून बसला आहे. मले वाटलं टॉकीजमधे जेवढं गार आहे तेवढंच थिकडंही असन."

"काका, त्याले हात नाही ना, म्हनून शाल," नोलनवाला म्हणाला.

"थे मंग समजलं बे. पन अर्धा पिक्चर मी त्याच्या जागी थंडीनं कुडकुडलो ना."

इथे मला माझी पोतडी उघडायची संधी दिसली. मी म्हटलं, शोले १५ ऑगस्ट १९७५ चा, मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षं चालला, पण फिल्मफेअरला त्याला एकच बक्षीस मिळालं, एडिटिंगचं, आणि ते कोणाला, तर आपल्या एम. एस. शिंदेंना, मराठी माणसाला. बेस्ट पिक्चर त्या वर्षी दीवार झाला. ही माहिती मी अनेक लग्नांत, दोन तेरव्यांत आणि एका बँकेच्या रांगेत वापरलेली आहे, आणि दरवेळी कोणीतरी "अरे वा" म्हणतंच. काका म्हणाले, "कापाकापीचं ना? येवढं कापूनही सव्वातीन तास ठेवला त्यानं. द्यायलेच पाहिजे बक्षीस."

मग मात्र मी पेटलो. म्हटलं आपण मुळापासून जाऊ. १९१३, दादासाहेब फाळके, राजा हरिश्चंद्र, जिथून हे सगळं सुरू झालं. काकांनी विचारलं, किती लांब? म्हटलं, चाळीसेक मिनिटं. काकांनी हरिश्चंद्राकडे अशा दयेने पाहिलं, म्हणजे माझ्याकडेच पाहिलं, आणि म्हणाले, "चाळीस मिनिटांत तं घामही वाळत नाही जी. आत गेले अन् लगेच बाहेर, बाराच्या उन्हात. त्या मानसाले पब्लिकची काळजीच नसन."

भारतीय चित्रपटसृष्टीचा जनक, तारामतीपासून रोहिदासापर्यंत सगळं जुळवून आणणारा माणूस, त्याला पब्लिकची काळजी नाही. आणि पोट्टे खिदळून राहिले. आता खरं सांगू का, इथपर्यंत मला मजा येत होती, पण हसण्यात त्या शॉशँकवाल्याचा आवाज जास्त होता, आणि ज्याने एक यादी मोबाइलवर वाचून तिच्यातला पहिला पिक्चर स्वतःचं मत म्हणून खपवला त्याने मला हसावं हे काही पटलं नाही. आम्ही पिक्चर बघायचो तेव्हा रेटिंग म्हणजे शेजारचा दादा सायकलवरून उतरता उतरता जे सांगेल ते, आणि तो खोटंही सांगायचा, पण निदान त्याला पकडता यायचं.

नोलनवाला हुशार निघाला. त्याने काकांनाच धरलं. म्हणे काका, इंटरस्टेलर पावणेतीन तासाच्या वर आहे, त्यात एक आख्खा ग्रह बर्फाचा आहे, आणि एक ग्रह नुसता पाण्याचा, तिथं एक तास थांबलं की इकडं सात वर्षं निघून जातात.

काकांचा कांदा बोटांत थांबला.

"एका तिकिटात?"

"हाव."

"मंग आपला आख्खा उन्हाळा तं थिकडं पाच मिनिटांतच निघून जाईन ना बे!" आणि काकांनी एका झटक्यात त्या पोट्ट्याच्या पाठीवर थाप मारली, मत दिलं, विषय मिटवला. मला न विचारता. मी तिथेच उभा, वयाने त्यांच्या जवळचा, पिक्चर त्यांच्यापेक्षा चौपट पाहिलेला, आणि मला साधं कोणी "तुमचा कोणता जी" म्हणून विचारत नाही.

म्हणून मी शेवटचा पत्ता काढला. म्हटलं, हे रेटिंग सोडा, साइट अँड साउंड नावाचं ब्रिटिश मासिक आहे, ते दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं. १९५२ साली बायसिकल थीव्ह्ज पहिला आला, १९६२ पासून २००२ पर्यंत दरवेळी सिटिझन केन, २०१२ ला व्हर्टिगो, आणि २०२२ ला पहिला आला त्याचं नाव, ऐका, 'जान दीलमान, २३ के द्यू कॉमेर्स, १०८० ब्रुसेल'.

"पिक्चरचं नाव आहे का पार्सलचा पत्ता?" काका म्हणाले.

पत्ताच आहे, मी म्हटलं, बाईचं नाव आणि घरचा पत्ता. शांताल आकरमान नावाच्या पंचविशीतल्या पोरीने काढला, तोही १९७५ सालचाच, शोलेच्याच वर्षीचा. त्यात एक विधवा बाई घरकाम करते. भांडी घासते, अंथरूण नीट करते, आलू सोलते. कॅमेरा हलत नाही, बाई सोलते, आपण बघतो. मग दुसऱ्या दिवशी तिच्याकडून आलू जास्त शिजतात आणि तिथून सगळं बिघडत जातं. (दुपारी तिच्याकडे कोण येतं आणि शेवटी ती काय करते हे मी गाळलं, कारण रांगेत एक बाई पंख्याची जाळी हातात धरून ऐकत होत्या.)

त्याच बाई म्हणाल्या, "आलू जास्त शिजले तं बिघडतेच ना भाऊ. मानूस तिथंच समजते, का आज आपलं डोकं ठिकानावर नाही." मग जरा थांबून, "रोज तेच करून राह्यलो आमी. कोनी कॅमेरा नाही आनला."

पोट्टे गप्प. मीही गप्प, कारण त्या पिक्चरवर मी जेवढं वाचलं होतं त्यात इतकं सरळ कोणी लिहिलेलं नव्हतं, आणि ते वाचायला मला चष्म्याचा नंबर वाढवावा लागला होता.

काकांनी मात्र आपल्या कामाचंच विचारलं. "लांबी किती?"

"तीन तास एकवीस मिनिटं."

"तीन तास... अन् आवाज, मारामारी, गाणे?"

"काही नाही. शांत."

"म्हंजे मानूस झोपू शकते."

"झोपू शकतो."

काकांनी डोळे मिटले. कांदा खिशात गेला. "मंग थे इंग्रज लोक बरोबर आहेत," म्हणाले. "एसी असन तं याच्यासारका पिक्चर नाही. आता मले सांगा, थे सिटिझन का काय, थे काऊन हरलं?"

बघा आता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला सिटिझन केनबद्दल आपणहून विचारत होतं. मी पूर्ण मागे वळलो. १९४१ पासून सुरू केलं, ऑर्सन वेल्स कसा जेमतेम पंचविशीचा, कॅमेरा जमिनीत खड्डा करून कसा ठेवला म्हणजे माणसं छतापर्यंत उंच दिसतात, ऑस्कर मिळालं ते फक्त पटकथेचं. काका "हाव", "असं म्हंता", "मंग?" करत होते आणि त्यांचा उजवा हात माझ्या कोपराखालून पुढे गेला होता. त्या हातात नोटा होत्या. मला वाटलं, वय झालं, काउंटरचा आधार घेतला असेल.

मग थैलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मालक आतून ओरडला, "पंप संपले! आता सोमवारी!"

काकांनी जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भल्ली माहिती आहे तुमाले," म्हणाले.

मी मालकाशी भांडलो. रांग होती, नंबर माझा होता, पुढचे पोट्टे ताट्या घेऊन निघाले होते. मालक म्हणे, साहेब, तुमी पाठ करून उभे होते, मले वाटलं तुमी नुसते गप्पा मारायले आले. लोक शांतपणे ऐकून राहिले होते, एकही माणूस माझ्या बाजूने बोलला नाही. पिक्चरवर शंभर मतं, आणि रांग मोडली यावर कोणाचंच काही नाही. टॉकीजच्या खिडकीवर असं झालं असतं तर जाळीला हात घालून लोकांनी तिकीट परत घेतलं असतं. त्या टॉकीजाही आता एकेक बंद पडल्या, मल्टिप्लेक्समधे रांगच नाही, मोबाइलवर सीट निवडा, आत इतकं गार की शाल न्यावी लागते, आणि इंटरव्हलला पॉपकॉर्नचा भाव ऐकून पुन्हा घाम. तरी मी जातो. कोणीतरी जायला पाहिजे.

सध्या घरी मी दर अर्ध्या तासाने मगाने कूलरच्या ताट्यांवर पाणी ओततो. बायको विचारते, रांगेत काय करत होते? मी म्हणतो, चर्चा. ती पुढचं विचारत नाही, मग माझ्या हातातला मग घेऊन स्वतःच ओतते, तेही जरा जोरात.

आणि त्या नोलनवाल्याने ग्रुप काढला. 'ऑल टाइम ग्रेटेस्ट, महाल.' दुकानात मालकाकडे माझा नंबर लिहिला होता, तिथून मला घेतलं. काका त्यात आहेत, रोज सकाळी फूल पाठवतात आणि दुपारी "पंप मस्त चालून राह्यला". शॉशँकवाला पोल घेतो. मला कधीचं निघायचं आहे, पण मालकही त्याच ग्रुपवर आहे आणि पंप आले की तिथेच सांगणार म्हणतो. सोमवारी सकाळी मी लिहिलं, स्टॉक आला का? दोन निळ्या टिका. दुपारपर्यंत काही नाही. मग मालकाचं उत्तर आलं: "नाही आला. गाडी लेट." आणि त्याखाली, कोणी विचारलं नसताना, नंबर टाकून, त्याचे दहा पिक्चर.