रजिस्टरमधली वेळ आणि दुखण्याची वेळ

माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की करोनाच्या काळात रात्री कॅज्युअल्टीत (इमर्जन्सी विभागात) गर्दी वाढली असं मी लिहिलं ते साफ चूक आहे, पेशंट दिवसाही कमी झाले आणि रात्रीही, आणि जे आले नाहीत त्यांना मुळात यायची गरजच नव्हती, सगळे सर्दीखोकलेवाले.

पहिलं मान्य. 'गर्दी वाढली' हे चुकलंच माझं. मला म्हणायचं होतं रात्रीचा वाटा वाढला, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समजा एरवी चोवीस तासांत १०० जण येतात, ७० दिवसा आणि ३० रात्री. साथीत दिवसाचे ३५ झाले, रात्रीचे २०. म्हणजे रात्रीचेही १० कमीच झाले, पण वाटा ३० टक्क्यांवरून ३६ वर गेला. (आकडे फक्त समजावायला घेतलेत, कुठल्या हॉस्पिटलचे नाहीत.) आणि सगळीकडे असंच होईल असंही नाही. जिथे नाइट कर्फ्यू आणि बार बंद, तिथे दारू पिऊन पडलेले, मारामाऱ्या, अ‍ॅक्सिडेंट हे सगळं गायब झालं की उलट रात्रीचाच वाटा पडू शकतो. हे मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं, नाही आलं.

सर्दीखोकलेवाल्यांचं मात्र पटत नाही बुवा. अमेरिकेत सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) मोजलं तेव्हा २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत इमर्जन्सीला येणारे आदल्या वर्षीपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी होते, आठवड्याला साधारण २१ लाखांवरून १२ लाख. सगळ्यात मोठी घट १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत, आणि तिथे तुमचं बऱ्यापैकी खरं आहे, शाळा बंद म्हटल्यावर पोरं खरंच कमी आजारी पडली. पण सीडीसीच्याच दुसऱ्या मोजणीत, मार्चमध्ये राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या १० आठवड्यांत आधीच्या १० आठवड्यांपेक्षा हार्ट अ‍ॅटॅकचे पेशंट २३ टक्क्यांनी आणि स्ट्रोकचे (मेंदूचा झटका) २० टक्क्यांनी कमी आले. हे पण सर्दीखोकलेवाले का?

आता माझा खरा मुद्दा, जो मला तेव्हा नीट मांडता आला नाही. केसपेपरवर वेळ पडते ती दारात आल्याची, दुखायला लागल्याची नाही. मी तेव्हा नाइटला होतो. पहाटे अडीचच्या सुमाराला एक काका आले, मुलगा धरून आणत होता, अंगावर स्वेटर आणि तरी घामाने कपाळ ओलं. कधीपासून दुखतंय विचारलं तर म्हणाले, आत्ताच. मुलगा मागून हळूच म्हणाला, सकाळी नाश्त्यापासून छाती धरून बसलेत, हॉस्पिटलला गेलं की करोना घेऊन येईन म्हणत होते. रजिस्टरमध्ये ते रात्रीचे पेशंट. दुखणं सकाळचं. आणि ही वेळ काही अपवादात्मक नाही, हार्ट अ‍ॅटॅक एरवीही सकाळी ६ ते दुपारी १२ मध्येच जास्त येतात. दिवसभर माणूस कळ काढतो, अ‍ॅसिडिटी असेल म्हणतो, अंधार पडला, आडवं झाल्यावर दम लागला, घरचे घाबरले, की मग निघतात. स्ट्रोकमध्ये तर याची किंमत फार मोठी आहे, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं, आणि दुपारच्या जेवणानंतर तोंड वाकडं झालेला माणूस रात्री दहाला आणला तर ती वेळ कधीच निघून गेलेली असते.

'पेशंट कमी म्हणजे स्टाफला आराम' असंही तुम्ही लिहिलंय. एक शिफ्ट पीपीई किट घालून बघा! प्रत्येक श्वासाच्या पेशंटला आधी करोना समजूनच हात लावायचा, एकाला सीटी स्कॅनला नेलं की खोली पुसून होईपर्यंत दुसरा थांबलेला, आणि रात्री माणसं तशीही निम्मी. पूर्वी दहा जणांत सहा टाके-ताप-पोटदुखीवाले असायचे ते गेले, उरलेले चार सगळे गंभीर. डोकी मोजली तर शांत रात्र, प्रत्यक्षात पाणी प्यायलाही फुरसत नसायची.

तुम्ही दिलेला तक्ता बघितला. त्यात रात्र ८ ते ८ धरलीय, मी १० ते ६ धरली होती, त्यामुळे आपले आकडे एकमेकांवर बसणारच नाहीत, संध्याकाळची ८ ते १० ही तर गर्दीची वेळ असते. मूळ पोस्टमधलं 'गर्दी वाढली' आज बदलतो आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करतो. तुमच्याकडे लक्षणं सुरू झाल्याची वेळ असलेला डेटा असेल तर नक्की पाठवा, भांडू परत.