फाइलीची उलटतपासणी

कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवरची जागा संपत येऊन पट्टी लाल झाली की माणूस आधी स्वतःच्या पसाऱ्याकडे बघतो. चार वेळा डाउनलोड केलेली एकच पावती, निवांत बघू म्हणून ठेवलेले आणि कधीच न बघितलेले व्हिडिओ, सगळं नजरेखालून घातलं आणि सगळंच अत्यावश्यक ठरलं. मग लपवलेल्या फाइली दाखवायला सांगितल्या, तर ड्राइव्हच्या दारातच एक धटिंगण बसलेली: हायबरफिल डॉट सिस. वजन जवळपास 13 जीबी. मी ती बनवली नव्हती, मागवलीही नव्हती.

चौकशीशिवाय शिक्षा नको, म्हणून प्रॉपर्टीज उघडल्या. प्रकार: सिस्टिम फाइल. म्हणजे ‘तू कोण?’ विचारावं तर उत्तर ‘मी मीच!’ बदल झाल्याची तारीख आजची, वेळ सकाळची, मी दात घासत होतो तेव्हाची. माझ्यामागे हिचे काहीतरी उद्योग चालतात म्हणजे व्हायरसच. पण रोज वापरात आहे म्हणजे कामाचीही असणार. बरं, तारीख जुनी असती तरी काय? इतकी वर्षं कुणी हात लावला नाही, म्हणजे अडगळ. आणि इतकी वर्षं कुणी हात लावला नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी महत्त्वाचं!

नावावर जावं तर तिथेही तीच बोंब. एसव्हीसीहोस्ट हे विंडोजच्याच एका प्रोग्रामचं नाव सिस्टिम32 या विंडोजच्या फोल्डरमध्ये दिसलं तर सभ्य. तेच डाउनलोड्समध्ये दिसलं तर पोटात गोळा. उलट सज्जन फाइलींची नावं अशी, की संशय यावाच. 2002 साली जेडीबीजीएमजीआर नावाच्या फाइलीवर असाच आळ आला. तिचं चिन्ह होतं करड्या रंगाचं टेडी बेअर. ‘हे अस्वल तुमच्याकडे आहे का बघा, असेल तर व्हायरस आहे, उडवा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा’ अशी ईमेल जगभर फिरली. लोक शोधायचे आणि अस्वल सापडायचंच! कारण ते विंडोजबरोबरच आलेलं, जावा प्रोग्रामच्या डीबगिंगसाठी, म्हणजे चुका शोधण्यासाठी, ठेवलेलं. आदल्याच वर्षी सल्फएनबीके नावाच्या फाइलीचाही असाच बळी गेला होता. फाइलींची लांबलचक नावं पूर्ववत करणं एवढंच त्या बिचारीचं काम. व्हायरस कुठेच नव्हता. फाइल उडवायची आणि निरोप पुढे पाठवायचा, ही त्याची दोन्ही कामं माणसंच फुकटात करत होती.

भाच्याला फोन लावला.

“मामा, एकदम उडवू नकोस. आधी नाव बदल. दोन दिवस काही बोंबललं नाही, तर बघू.”

सल्ला सोन्यासारखा. पण नाव बदलायला गेलो तर उत्तर आलं: फाइल वापरात आहे. मशीन माझं, खुर्चीत मी एकटा, मग वापरतंय कोण? काही फाइली तर ‘ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी आणा’ म्हणून सुनावतात; हा विंडोजचा स्वतःचा राखणदार. मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

शेवटी उलगडा भाच्यानेच केला. मशीन हायबरनेट होताना, म्हणजे उघडलेली कामं तशीच जपून बंद होताना, रॅममधला, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतला, ऐवज या फाइलीत उतरवला जातो. तिचा आकार साधारण रॅमच्या 40 टक्के. माझी रॅम 32 जीबी, हिशेब चोख जुळला. विंडोज 8 पासून आलेलं फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन झटपट सुरू करायची सोय, हीही हिच्याच जिवावर चालते, म्हणून ती सकाळची वेळ. आणि तिला उडवायची नसतेच, तिचं काम काढून घ्यायचं असतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि लिहायचं: पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ. फाइल आपण होऊन निघून जाते. परत हवी असेल तर ऑफच्या जागी ऑन.

एंटर दाबण्याआधी बॅकअप घ्यावा म्हटलं, तर बॅकअपला जागा नव्हती. दाबला. पट्टी निळी झाली.

“मामा, शेजारी ती पेजफाइल दिसते ना?”

“ती असू दे,” मी ठणकावलं. “तिला काम आहे.”

काय काम आहे, हे त्याने विचारलं नाही, म्हणून निभावलं.