स्पिरिटची बाटली आधी खाली ठेवा

रविवारी तासगावला आत्याकडे गेले होते. दीड महिन्यापूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आहे. कूस वळवून पाहिलं तर माकडहाडावर तळहाताएवढा काळपट डाग, मधोमध साल निघालेली. वहिनींना विचारलं, तर त्यांनी फोनच पुढे केला. "ताई, यात लिहिलंय अगदी तसंच करतेय. रोज दोनदा स्पिरिटनं चोळते."

'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा : दहा सूत्रे'. खाली ना नाव ना गाव, नुसतं 'एका अनुभवी नर्सकडून'. मिरजेत वॉर्डात वीस वर्षं काढली मी. ही अनुभवी नर्स मला भेटायचीच आहे. हाच मेसेज आमच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेला होता. मी न वाचताच पुढे सरकले, एवढी चूक माझी.

पहिलं सूत्र असं : 'लाल झालेली जागा स्पिरिट लावून गरम होईपर्यंत चोळा, वर पावडर टाका. जखम होणार नाही.'

अहो, ती जागा लाल का होते? अंगाचं वजन हाडावर येतं, हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि रक्त पोचत नाही. म्हणजे आतला भाग आधीच दुखावलेला असतो. त्यावर जोर लावून चोळलं की नाजूक झालेल्या वाहिन्या फुटतात. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, पावडर घामात भिजून गोळे धरते आणि तेच घासतात. शिवाय आत्याला त्या बाजूला धड जाणीवच नाही. दुसरं कोणी असतं तर पहिल्याच दिवशी ओरडलं असतं.

आता एक कबूल करते, थोडं नाइलाजानं. आम्हालाही ट्रेनिंगमध्ये 'बॅक केअर' म्हणून स्पिरिट-पावडरच शिकवली होती, आणि आम्ही ती मनापासून केली. पण त्यानंतर शास्त्र पुढे गेलं. युरोप, अमेरिका आणि पॅसिफिक भागातल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून २०१९ मध्ये दाबामुळे होणाऱ्या जखमांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. धोका असलेली कातडी जोरानं चोळू नका, हे त्यात स्पष्ट आहे. बोटानं दाबून बघा. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर वेळ आहे. दाबूनही लालच राहिली, तर इजा सुरू झाली. त्या जागेवरचा भार ताबडतोब काढा. सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही. तिथे जागा गरम किंवा घट्ट लागते का, ते हातानं बघायचं, आणि आजूबाजूपेक्षा काळी दिसते का, तेही.

'मधे भोक असलेली रिंग द्या.' नको. रिंगच्या कडेवर सगळा दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त आणखी अडतं. त्याच सूचनांत रिंगलाही नकार आहे.

'वॉटर बेड असेल तर दिवसातून दोनदा कूस बदलणं पुरे.' बारा-बारा तास? तुम्ही एका कुशीवर सबंध रात्र तरी काढता का? दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियमही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, रुग्णाची कातडी आणि हालचाल बघून वेळ ठरवतात. पण घरी सुरुवात दोन तासांनीच करा. पूर्ण खुब्यावर नको, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं. पोटऱ्यांखाली उशी ठेवा, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. गादी कितीही महाग असली तरी कूस बदलावीच लागते.

'पडल्या पडल्या चमच्यानं पाणी पाजत राहा' हे वाचून तर मी कपाळाला हात लावला. झटक्यानंतर गिळण्याची ताकद कमी झालेली असू शकते. पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. उठवून बसवा, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास तसंच बसू द्या. ठसका लागत असेल किंवा गुंगी असेल तर तोंडात काही घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

हातमोजे घातले की हात धुवायला नकोत म्हणे. घालण्याआधी धुवायचे आणि काढल्यावरही.

जखमेत हळद भरा, हे सूत्र राहिलं. सांगलीत राहून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद! जंतूंवर तिचा काही परिणाम होतो, हे खोटं नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. उघड्या जखमेत भरली की वर पापुद्रा धरते आणि खाली पू झाला तरी कळत नाही. सलाइननं धुवा आणि जखम डॉक्टरांना दाखवा.

चादरीला सुरकुत्या नकोत आणि अंग कोरडं ठेवा, हे मेसेजमधलं एक सूत्र मात्र बरोबर आहे. बाकीच्यांवर वेळ घालवत नाही.

स्पिरिटची बाटली मी पर्समध्ये टाकून आणली आहे. वहिनींच्या फोनला दोन-दोन तासांचे गजर लावले. रात्री दोनचा दादाच्या फोनवर, कारण त्या वेळी तोच उठणार आहे. तसं वहिनींसमोर कबूल करून घेतलंय.