‘मन खंबीर कर’ म्हणण्याआधी हे वाचा

नैराश्यात असलेल्या माणसाला आपल्याकडे घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच सांगतात, “मन जरा खंबीर कर.” प्रेमापोटीच सांगतात. तरी मला ते ऐकवत नाही. मन खंबीर करायचं ते मेंदूनेच ना? आणि या आजारात नेमकी तीच यंत्रणा बिघडलेली असते.

हेलन मेबर्ग या न्यूरॉलॉजिस्टबाईंनी अशा रुग्णांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय हे दाखवणारी चित्रं, वर्षानुवर्षं अभ्यासले. कपाळामागचा, विचार आणि नियोजन सांभाळणारा भाग मंदावलेला दिसे. त्याच वेळी मेंदूत खोलवर असलेला ‘एरिया २५’ जास्तच सक्रिय. हा भाग दुःखाच्या भावनेशी जोडलेला आहे, शिवाय झोप, भूक, अंगातली ताकद सांभाळणाऱ्या केंद्रांशीही. त्यामुळे “रात्रभर डोळा लागत नाही, जेवण जात नाही” ही नाटकं नसतात.

औषधं, समुपदेशन, शॉक ट्रीटमेंट, कशानेच बरं न वाटलेल्या सहा रुग्णांवर टोरांटोत शस्त्रक्रिया झाली. एरिया २५ जवळ बारीक इलेक्ट्रोड बसवून तिथे सतत सौम्य वीजप्रवाह दिला. २००५ साली निष्कर्ष छापून आले: सहा महिन्यांनी सहापैकी चौघांमध्ये ठळक सुधारणा. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण जागे होते. प्रवाह सुरू होताच काहींना एकदम शांत वाटलं, खोलीतले रंग उजळ दिसू लागले. हे वाचून मी कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिले. अशा माणसांनाही कुणीतरी ‘खंबीर हो’ म्हणालंच असेल!

पुढचंही सांगायला हवं. अमेरिकेत ९० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सहा महिन्यांनी प्रवाह चालू असलेल्या आणि बंद ठेवलेल्या गटांत ठोस फरक दिसला नाही. पुढे दीर्घकाळ प्रवाह मिळाल्यावर बरेच जण सुधारले, पण तोवर चाचणी थांबवली गेली होती. म्हणजे एक बटण दाबलं की आजार गेला, इतकं ते सोपं नाही. एका माणसाचा मेंदू दुसऱ्यासारखा नसतो. २०१३ मध्ये मेबर्ग यांच्याच गटाला दिसलं की मेंदूतल्या ‘इन्सुला’ या भागाची सक्रियता कमी असलेल्यांना बोलण्याची थेरपी लागू पडत होती आणि जास्त असलेल्यांना गोळ्या. म्हणून शेजारणीला ज्या गोळीने बरं वाटलं ती तुमच्या बहिणीला लागू पडली नाही, तर दोष बहिणीचा नाही. डॉक्टरांना तसं सांगा, ते औषध बदलतील. मनाने बंद मात्र करू नका.

“मग स्कॅन काढून दाखवा, खरंच आजार आहे का,” असं म्हणणारेही भेटतात. नैराश्याचं निदान आजही स्कॅनवर होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ समोर बसवून, विचारून, ऐकूनच ते करतात. तिथवर एकट्याने जाण्याचं बळ या आजारात अनेकदा उरत नाही. अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, सोबत जा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं.