पॉप्टी पिंग आणि इतर थापा

ब्रिटनमधल्या वेल्सच्या वेल्श भाषेवरचा तो फॉरवर्ड फिरत फिरत शेवटी आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. पाठवणारे माझे मेव्हणे. पाठवला तोही मुद्दाम माझ्या पुतणीला उद्देशून, कारण ती पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी नेटवर्किंगच्या नोट्स मराठीत लिहितेय. खाली आतोबांची टीप: ‘बघ, असं होतं मग.’ पोरीनं फाईल बाजूला ठेवून दिली. त्यामुळे हे लिहिणं आलं.

फॉरवर्ड न पाहिलेले भाग्यवान असतील, त्यांच्यासाठी सारांश देतो. वेल्सच्या सरकारनं म्हणे अब्जावधी उधळून नेटवर्किंगमधल्या एकूण एक शब्दाला वेल्श प्रतिशब्द काढले. हे लोक मायक्रोवेव्हला ‘पॉप्टी पिंग’ म्हणतात, तेव्हा बाकीच्या शब्दांची कल्पना करा. त्या भाषेला धड स्वर नाहीत आणि ती कोणी बोलतही नाही. या भाषांतरांमुळे तंत्रज्ञ गोंधळतात आणि नेटवर्क बंद पडतात. पुरावा म्हणून वेल्समधल्या स्वान्सी शहरातल्या एका पाटीचा फोटो. तात्पर्य, मराठीवाल्यांनी वेळीच शहाणं व्हावं.

पॉप्टी पिंग आधी निकालात काढू. ‘पॉप्टी’ म्हणजे ओव्हन, हे खरं आहे. पुढचं ‘पिंग’ ही थट्टा आहे. आपल्याकडे टायला ‘कंठलंगोट’ म्हणतात तशीच. कोणत्या शिंप्यानं तुम्हाला कंठलंगोट विकलाय? मायक्रोवेव्हचा वेल्श शब्द आहे ‘मेइक्रोडॉन’. त्यातला ‘डॉन’ म्हणजे ‘टॉन’, लाट. वेल्शच्या नियमानं ट चा ड होतो, ते पुढे येईलच. स्वरांचं तर बोलूच नये. वेल्शमध्ये डब्ल्यू आणि वाय हेही स्वर आहेत, म्हणजे एकूण ७, इंग्रजी वर्णमालेपेक्षा २ जास्त. इंग्रजी डोळ्यांनी वाचलं की ते व्यंजनांचं भेंडोळं वाटतं, एवढंच.

आता त्या ‘कल्पना करा’ म्हटलेल्या शब्दांकडे बघा. जाळ्याला ‘ऱ्हुइद’ म्हणतात आणि कामाला ‘ग्वाइथ’, म्हणून नेटवर्क झालं ‘ऱ्हुइद्वाइथ’. इंटरनेट म्हणजे ‘ऱ्हंगरुइद’, आंतरजाल. ‘ल्लुइबर’ म्हणजे वाट, त्यावरून राउटर ‘ल्लुइब्रिद’, वाट दाखवणारा. सर्व्हर ‘ग्वेइनिद’, सेवा देणारा. ब्राउझर ‘पोरुर’, म्हणजे चरणारा. आणि हसू येत असेल तर इंग्रजी ‘ब्राउझ’चा जुना अर्थही पाला ओरबाडत चरणं हाच आहे. मोडेम मात्र मोडेमच आहे आणि प्रोटोकॉल प्रोटोकॉलच. एकूण एक शब्द बदलला म्हणणाऱ्यानं एकही उघडून पाहिलेला दिसत नाही.

पण माझं डोकं फिरलं ते ‘नेटवर्क बंद पडतात’ या मुद्द्यावर. बाकी सगळं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, हा नाही, कारण यानंच शिकवणारा माणूस घाबरतो. मेव्हणे स्वतः इंजिनिअर आहेत, त्यांनी तरी क्षणभर थांबायला हवं होतं. कमांडचं भाषांतर कोण करतं? वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, माणूस राउटरच्या कन्सोलवर (हुकूम द्यायच्या पडद्यावर) जे टाइप करतो, तेच हिंजवडीतला टाइप करतो. जोडणी तपासायची ‘पिंग’ कमांड तिथेही पिंगच (पॉप्टीचा नव्हे). आयपी, टीसीपी, डीएनएस ही यंत्रांनी आपसांत बोलायच्या नियमांची नावं जिथल्या तिथे आहेत, पोर्ट ४४३ (सुरक्षित वेबसाइटच्या दाराचा नंबर) हा ४४३च आहे. वेल्शमध्ये ‘आयपी ॲड्रेस’ लिहितात तेव्हा ‘ॲड्रेस’साठी वेल्श शब्द येतो आणि ‘आयपी’ला कोणी हात लावत नाही. भाषांतर होतं ते माणसानं वाचायच्या मजकुराचं: सेटिंगचा पडदा, चूक झाल्याची सूचना, पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका. दोन राउटर एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांना ना वेल्श येतं ना इंग्रजी.

आणि हे शब्द जन्मतःच इंग्रजीच्या मालकीचे आहेत, त्यांना हात लावणं पाप आहे, हा जो सूर त्या फॉरवर्डमध्ये आहे, त्याला एकच माणूस पुरे. डोनाल्ड डेव्हिस. जन्म १९२४, ऱ्होंडा खोऱ्यातलं त्रिओर्की, म्हणजे वेल्सच. पुढे इंग्लंडमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत त्यांनी, मोठ्या संदेशाचे लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणे पाठवायची पद्धत मांडली. अमेरिकेत पॉल बॅरन हेच आधी वेगळ्या वाटेनं मांडून बसले होते, पण ते या तुकड्यांना ‘मेसेज ब्लॉक’ म्हणत. डेव्हिसांना छोटा, स्वतंत्र शब्द हवा होता. ब्लॉक, सेगमेंट, फ्रेम असे पर्याय समोर होते. त्यांनी ‘पॅकेट’ निवडला, आणि पक्का करण्याआधी आपल्याच प्रयोगशाळेतल्या भाषेच्या जाणकारांना विचारून घेतलं, की याचे सगेसोयरे दुसऱ्या भाषांत सापडतील ना? ते हो म्हणाले, तेव्हा शब्द ठरला. १९६७ साली अमेरिकेतल्या परिषदेत त्यांच्या गटाचा निबंध वाचला गेला आणि पुढे अर्पानेटवाल्यांनीही (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकी नेटवर्क) ‘पॅकेट’च उचलला. म्हणजे नेटवर्किंगचा जो सगळ्यांत मुळातला शब्द, तो दुसऱ्या भाषांत नेता यावा म्हणूनच पारखून घेतलेला आहे. वेल्शमध्ये तो ‘पेकिन’ झाला. कुठलं नेटवर्क बंद पडलं?

स्वान्सीची पाटी खरी आहे, २००८ सालची. अवजड वाहनांना प्रवेश नाही, अशा अर्थाच्या इंग्रजी मजकुराखाली वेल्शमध्ये छापलं गेलं: ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम असल्यास पाठवा.’ नगर परिषदेनं भाषांतरासाठी ईमेल केला, समोरून आपोआप उत्तर आलं, तेच भाषांतर समजून पाटीवर चढवलं. मीही पोट धरून हसलोय. पण यात चूक झाली कुठे? मजकूर घेणारा, रंगवणारा, खांब रोवणारा, यांतल्या एकालाही वेल्श वाचता आलं असतं तर पाटी लागली नसती. ‘वेल्श जास्त झालं’ याचा हा पुरावा कसा? शिवाय ती रस्त्यावरची पाटी आहे, नेटवर्किंगशी तिचा संबंध काय?

खऱ्या अडचणी आहेत, आणि त्या फॉरवर्ड करणाऱ्याच्या गावीही नाहीत. डाउनलोडलाच घ्या: ‘लाउरलुइथो’, ‘ल्लुइथो इ लाउर’, ‘दादलुइथो’ असे तीन शब्द चालतात. नवशिक्याला त्रास होतोच. दुसरी अडचण व्याकरणाची. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. संगणकाला ‘कव्रिव्यादिर’ म्हणतात. ‘तुझा’ म्हटलं की तो ‘ग’नं सुरू होतो, ‘तिचा’ म्हटलं की ‘ख’नं, आणि ‘माझा’ म्हटलं की नाकातून. प्रोग्रॅमर वाक्यात रिकामी जागा ठेवतो आणि तिथे शब्द चिकटवतो. इंग्रजीत ते खपतं, वेल्शमध्ये वाक्य तोंडावर आपटतं. आपल्यालाही हे नवीन नाही. ‘जाळे’ला ‘ला’ चिकटवून ‘जाळेला’ दाखवणारी ॲप आपण रोज बघतो, ‘जाळ्याला’ लिहायला माणूस लागतो. हा मुद्दा फॉरवर्डमध्ये असता तर मी मान डोलावली असती.

‘कोणी बोलत नाही’ हे अर्धसत्यही नाही, पाव म्हणा. २०२१च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, १७.८ टक्के. २०११ साली १९ टक्के होते, म्हणजे घट आहे, नाकारत नाही. पण वेल्समधल्याच ग्विनेथ भागात त्याच २०२१च्या जनगणनेत १०० पैकी ६४ जणांना वेल्श येत होतं. तिथे मुलं वेल्श माध्यमातून शिकतात आणि परीक्षाही वेल्शमध्ये देतात. ‘राउटर म्हणजे काय’ हा प्रश्न छापायचा तर एक ठरलेला शब्द लागणारच. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात पारिभाषिक शब्दांचं काम चालतं ते मुख्यतः यासाठी, आणि तिथली रीत अशी की आधी संकल्पना नेमकी करायची, मग शब्द. घरात बोलताना तीच मुलं ‘कॉम्प्युतर’ म्हणतात. म्हणू देत. आपणही परीक्षेत संगणक लिहितो आणि दुकानात कॉम्प्युटर मागतो.

‘अब्जावधी’ रुपये की पौंड, कोणत्या वर्षी, कोणी मोजले, हे फॉरवर्डमध्ये नाही, म्हणून उत्तरही नाही. फायरफॉक्स वेल्शमध्ये आणणारे तर स्वयंसेवक होते, एवढं सांगतो.

राहिलं मराठीनं घ्यायचा धडा. वेल्समध्ये वेल्श येणारे साडेपाच लाखही नाहीत आणि त्यांच्याकडे .कम्री (कम्री म्हणजे वेल्शमध्ये वेल्स) हे वेबपत्त्याच्या शेवटी येणारं स्वतःचं डोमेन २०१५पासून सर्वांना खुलं आहे. भारताच्या २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते. पुतणीला मी इतकंच म्हटलं, राउटरला राउटरच ठेव, पॅकेटलाही पॅकेटच, पण तो राउटर पॅकेटचं काय करतो हे मराठीत लिही. आतोबांचं मी बघतो.