०३०१ दिसलं म्हणजे टीएलएस १.० नव्हे हो

हिंजवडीतल्या आमच्या ग्रुपवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. वायरशार्कचा (नेटवर्कवरचा डेटा उघडून दाखवणारं टूल) स्क्रीनशॉट, 'टीएलएस १.०' भोवती लाल गोल (टीएलएस म्हणजे ब्राउझर नि सर्व्हरमधलं बोलणं एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल), आणि खाली लिहिलंय की पहिले पाच बाइट बघा, कनेक्शनचं खरं व्हर्जन कळतं, बाकी मार्केटिंग. तिघांनी मलाच विचारलं म्हणून टाइप करतोय.

ते पाच बाइट म्हणजे १६ ०३ ०१ आणि पुढे दोन बाइट लांबी. १६ म्हणजे हँडशेक (कनेक्शन जुळवायची सुरुवातीची बोलणी), ०३०१ म्हणजे १.०, इथवर मान्य. पण सदाशिव पेठेतल्या वाड्यावर आजोबांची पाटी आहे म्हणून आत अजून आजोबाच राहतात असं थोडीच असतं? अनोळखी आकडा दिसला की जुने सर्व्हर नि मधल्या प्रॉक्सी कनेक्शन तोडायच्या, म्हणून क्लायंट (म्हणजे ब्राउझर वगैरे) पहिल्या हॅलोवर, म्हणजे सुरुवातीच्या मेसेजवर, मुद्दाम जुनी पाटी लावतो. २०१८ च्या आरएफसी ८४४६ मध्ये, म्हणजे टीएलएस १.३ च्या अधिकृत स्टँडर्डमध्ये, सरळ म्हटलंय, या फील्डकडे बघू नका.

मग म्हणे सर्व्हर हॅलोत (सर्व्हरच्या पहिल्या उत्तरात) ०३०३, म्हणजे १.२, आलं, म्हणजे सर्व्हर १.२ च्या वर जातच नाही. अरे थोडं खाली स्क्रोल कर की! १.३ मध्ये त्या जागी ०३०३ च येतं. खरी बोलणी होतात ती ४३ नंबरच्या सपोर्टेड व्हर्जन्स एक्स्टेंशनमध्ये (हॅलोतल्या जादा रकान्यात), क्लायंट तिथे ०३०४ (म्हणजे १.३), ०३०३ अशी यादी देतो (क्रोम त्यात एक भंकस आकडापण घुसवतो, तो बघून गडबडणारा सर्व्हर लगेच उघडा पडावा म्हणून) आणि सर्व्हर ०३०४ निवडून परत पाठवतो. सर्व्हरच्या उत्तरात ते एक्स्टेंशनच नसेल, तरच ०३०३ खरं.

फॉरवर्डमधलं 'मधला माणूस गपचूप खाली ढकलतो', म्हणजे जुन्या व्हर्जनवर, हे २०१४ च्या पूडल हल्ल्याच्या वेळी खरं होतं, तेव्हा ब्राउझर स्वतःच खालच्या व्हर्जनने परत ट्राय करायचे. आता १.३ येणारा सर्व्हर १.२ वर उतरला तर हॅलोतल्या आपल्या ३२ बाइटच्या रँडम आकड्याच्या शेवटच्या ८ बाइटमध्ये खूण ठेवतो, आणि १.३ मागणाऱ्या क्लायंटला ती दिसली की तो कनेक्शन तोडतो.

सगळ्यात डेंजर सल्ला शेवटी, फायरवॉलवर ०३०१ ब्लॉक करा! बाणेरच्या एका कस्टमरकडे शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी हे केलं, अपडेटेड ब्राउझरच बंद पडले, आणि मी वाकडच्या पुलाजवळ बाइक कडेला लावून फोनवर रूल काढायला सांगतोय. १.० बंद हवंच, मार्च २०२१ लाच ते अधिकृतपणे बाद झालंय, पण ते सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये. नंतर ओपनएसएसएल या कमांड-लाइन टूलने फक्त १.० मागून बघा, नकार यायला पाहिजे. फक्त तुमच्याच मशीनवर १.० बंद नाहीये ना ते आधी चेक करा, नाहीतर नकार घरचाच असायचा.