मॅनेजरला विचारून येतो

आयुष्यात मी घासाघीस करून एकही वस्तू स्वस्तात आणलेली नाही. समोरच्याने सांगितलेली किंमत ऐकून मीच ओशाळतो, आणि ती कमी करायला सांगणे म्हणजे त्याच्या संसारातल्या अडचणींत भर घालणे आहे असे मला वाटू लागते. म्हणून नवी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा मला एकट्याला शोरूममध्ये पाठवायला बायकोने विरोध केला, यात तिचे काही चुकले नाही. मी मात्र या खेपेस इरेला पेटलो होतो. पंधरा रात्री जागून मी अभ्यास केला आणि गाडी बनवणारी कंपनी शोरूमवाल्याला ज्या भावाने बिल लावते, तो आकडा कुठून कुठून हुडकून एका वहीत लिहून ठेवला. जाहीर किंमत आणि हा बिलाचा भाव यांच्यात जे अंतर होते तेच शोरूमवाल्याचे पोट, आणि त्या पोटावर पाय द्यायचा, एवढाच माझा बेत होता.

मुहूर्तही मी विचार करून निवडला. कंपनी प्रत्येक शोरूमला टार्गेट देते, आणि ते गाठल्यास मिळणारा बोनस कित्येकदा शेवटच्या एका गाडीवर न मिळता त्या मुदतीत विकलेल्या सगळ्याच गाड्यांवर मिळतो. त्यामुळे पन्नासाचे टार्गेट असताना एकोणपन्नास गाड्या विकून बसलेला माणूस पन्नासावी गाडी पदरचे पैसे घालूनही विकतो, असे मी वाचले होते. तेव्हा महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी शोरूममध्ये शिरलो. ती पन्नासावी गाडी आपलीच, हे मी गृहीत धरले होते. परंतु तिथे माझ्याचसारखे वह्या घेऊन आलेले आणखी सात-आठ पन्नासावे अगोदरच बसलेले होते.

माझ्या वाट्याला आलेला सेल्समन इतका नम्र होता की वही बाहेर काढायची मला लाज वाटली. त्याने कोऱ्या कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारून चार घरे पाडली. एका घरात नव्या गाडीची किंमत, दुसऱ्यात माझ्या जुन्या गाडीची किंमत, तिसऱ्यात सुरुवातीला भरायची रक्कम आणि चौथ्यात महिन्याचा हप्ता. या धंद्यात हा कागद फार जुना आहे, आणि त्याची खुबी अशी की गिऱ्हाईक एका वेळी एकाच घराकडे पाहू शकते. मी किंमत खाली ओढली की जुन्या गाडीच्या दारावरचा एक ओरखडा त्याला नव्याने दिसत असे आणि दुसऱ्या घरातला आकडा हळहळत खाली येत असे. जुन्या गाडीसाठी भांडलो की किंमत पुन्हा वर जाई. दोन्हींसाठी एकदम भांडलो, तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "सर, माझ्या हातात असतं तर आत्ता देऊन टाकलं असतं. एक मिनिट, मॅनेजरला विचारून येतो."

हे एक मिनिट त्या दिवशी मी पाच वेळा अनुभवले. काचेच्या केबिनमध्ये तो मॅनेजरसमोर हात जोडून उभा असलेला दिसे, आणि मॅनेजर खेदाने मान हलवीत असे. माझ्यासाठी एक परका तरुण नोकरी पणाला लावत आहे, या विचाराने मला भरून येई. (पुढे मला कळले की त्या काळात ते जेवायला कधी जायचे याची चर्चा करतात.) अखेर पाचव्या फेरीनंतर तो घाम पुसत आला आणि माझ्या वहीतला आकडा त्याने निमूटपणे कागदावर लिहिला. कारखान्याच्या बिलाचा भाव! त्याने माझा हात हातात घेऊन, "सर, तुमच्यासारखं तयारीचं कस्टमर फार क्वचित येतं," असे सांगितले, तेव्हा मला त्याची दया आली.

या विजयाच्या धुंदीतच मला आतल्या खोलीत नेण्यात आले, कारण "फक्त कागदपत्रांचं थोडं काम" उरले होते. बाहेरच्या दालनात दोन तास वाघासारखा लढलेला माणूस या खोलीत वासरू होऊन बसतो. तिथल्या मृदुभाषी बाईंनी कर्जाचा हप्ता माझ्या अपेक्षेपेक्षा कमी बसवून दिला, म्हणून मी त्यांचे आभार मानले. विमा त्यांनीच काढून दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली, रंगावर चकाकी टिकवणारे कोटिंग आणि तळाला गंज न लागणारे कोटिंग अशी दोन कवचे गाडीला चढवली, आणि कागदपत्रे हाताळण्याचा म्हणून एक आकार लावला, ज्याबद्दल विचारणे मला कोतेपणाचे वाटले. शेवटी पायाखालची मॅट्स आली. त्यांची किंमत ऐकून मी क्षणभर चपापलो, पण इतकी मोठी लढाई जिंकलेल्याने मॅट्ससाठी काय भांडायचे?

रात्री मी विजयाची कथा मेहुण्याला ऐकवली. त्याने पूर्वी अशाच एका शोरूमच्या हिशेबखात्यात चार वर्षे काढली आहेत, आणि त्यामुळे त्याचा माणसांवरचा विश्वास कायमचा उडालेला आहे. त्याने शांतपणे सगळे कागद मागून घेतले.

"भावोजी," तो म्हणाला, "तुम्ही बिलाच्या भावाने गाडी आणलीत म्हणजे शोरूमला काहीच सुटलं नाही, असं तुम्हाला वाटतं?" मग त्याने सांगितले की बिलावरचा भाव हा शोरूमवाल्याचा खरा खर्च नसतोच. अमेरिकेत तर अनेक कंपन्या जाहीर किमतीच्या साधारण १ ते ३ टक्के रक्कम बिलात धरून ठेवतात आणि गाडी विकली गेली की शोरूमला परत करतात. टार्गेटचा बोनस त्याखेरीज. त्याच देशात १९५८ साली सिनेटर माइक मनरोनी यांनी कायदा करून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेली किंमत चिकटवणे सक्तीचे केले, आणि त्या चिठ्ठीला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. पण चिठ्ठीवर किंमत येते, तिच्यामागची वजाबाकी येत नाही. शिवाय शोरूममध्ये चकाकत उभ्या असलेल्या गाड्या बहुधा उधारीवर आणलेल्या असतात आणि प्रत्येक गाडीवर दिवसाचे व्याज चढत असते. म्हणून जास्त दिवस पडून राहिलेली गाडी कमी नफ्यात काढून टाकली तरी ते फायद्यातच असतात. माझी गाडी किती दिवसांपासून उभी होती, हे मी विचारलेच नव्हते. मी फक्त रंग विचारला होता.

हप्त्याचा कागद पाहताना तर तो हसूच लागला. बँकेने शोरूमला १० टक्के दराने दिलेले कर्ज शोरूमने मला १२ टक्क्यांनी लावले होते आणि मुदत पाच वर्षांची सात केली होती. शंभराच्या कर्जाला पाच वर्षे १० टक्के दराने हप्ता सव्वादोनच्या आत बसतो आणि एकूण व्याज साडेसत्तावीस होते. माझा हप्ता पावणेदोनच्या आसपास आला होता, म्हणून मी आभार मानले होते. व्याज मात्र अठ्ठेचाळीसवर गेले होते. आवळा माझ्या हातात ठेवून कोहळा कधी गेला, ते मला कळलेही नव्हते. दर वाढवून त्यावर कमिशन घेण्याची ही पद्धत ब्रिटनमध्ये २०२१ साली बंद करण्यात आली, असे सांगून मेहुण्याने माझे सांत्वन केले. मी ब्रिटनमध्ये राहत नाही, हे त्याला ठाऊक आहे. जनरल मोटर्सने गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी १९१९ सालीच काढली होती, हेही त्याने ऐकवले. म्हणजे माझ्या पंधरा रात्रींच्या अभ्यासासमोर शंभर वर्षांचा अनुभव उभा होता.

विमा, वॉरंटी आणि दोन्ही कोटिंगे यांतल्या कमिशनचा हिशेब त्याने बायकोसमोर केला, तो मी इथे देत नाही. माझी जुनी गाडी ते कोणत्या भावाने विकतील, हेही मी त्याला विचारले नाही. "आणि खरी कमाई तर अजून सुरूच व्हायची आहे," तो म्हणाला. "गाडी एकदाच विकली जाते, ऑइल दर वर्षी बदललं जातं. आमच्याकडे मागचं वर्कशॉप पुढच्या शोरूमचं भाडं भरायचं."

चार दिवसांनी त्या नम्र सेल्समनचा फोन आला. कंपनीकडून मला एक कॉल येणार होता आणि शोरूमच्या सेवेला दहापैकी गुण द्यायचे होते. त्या गुणांवरही त्यांचा काही बोनस अवलंबून असतो, एवढे मेहुण्याने मला शिकवून ठेवले होते. मी म्हणालो की सेवा उत्तम होती, मी नऊ गुण नक्की देईन.

पलीकडे काही क्षण शांतता पसरली. "सर, नऊ म्हणजे आमच्याकडे नापास धरतात," तो काकुळतीने म्हणाला.

दोन तासांच्या त्या लढाईत जे मला सापडले नव्हते, ते आता माझ्या हातात होते. मी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा न ओशाळता म्हणालो, "दहा देईन. पण मग त्या मॅट्सचे पैसे परत करावे लागतील."

"सर, माझ्या हातात असतं तर आत्ता दिले असते," तो म्हणाला. "एक मिनिट हं, मॅनेजरला विचारून येतो."